पॅचला तारीख कोण देणार? नागरी सहकारी बँकांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील नागरी सहकारी बँकांचे मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सर्व संचालक

विषय : बँकेच्या जाळ्यातील डीएनएस सर्व्हरचे पॅच वेळेवर लावण्याची जबाबदारी संचालक मंडळाने स्वतःकडे घेण्याबाबत

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत प्रत्येक बँकेने आपले संकेतस्थळ ‘बँक डॉट इन’ने संपणाऱ्या नव्या पत्त्यावर न्यायचे होते. आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेने स्थापलेल्या संस्थेकडे नोंदणी, जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणी, ईमेलचे पत्ते, छापील अर्जांवरचा मजकूर, खातेदारांना एसएमएस, अशी या कामाची धावपळ ज्यांनी केली त्यांना ती लवकर विसरता येणार नाही. तरीही ते काम झाले, कारण त्याला तारीख होती आणि तारीख चुकली तर जाब कोण विचारणार हेही ठरलेले होते.

त्याच महिन्यात, २२ ऑक्टोबरला, म्हणजे आपल्याकडे दिवाळी पाडव्याच्या दिवशी, इंटरनेट सिस्टिम्स कन्सोर्टियम या संस्थेने बाइंड या आपल्या सॉफ्टवेअरमधले तीन दोष जाहीर केले आणि त्यांवरचे पॅच, म्हणजे दोष बुजवणाऱ्या दुरुस्त्या, उपलब्ध करून दिले. बाइंड हे डीएनएसचे, म्हणजे इंटरनेटवरील नावांचे आकडी पत्ते शोधून देणारे, जगभर वापरले जाणारे सॉफ्टवेअर आहे. त्या तिघांपैकी दोन दोष असे होते की त्यांच्या आधारे बाहेरचा माणूस सर्व्हरच्या गळी खोटे उत्तर उतरवू शकत होता. या पॅचसाठी आपल्या बँकेत कोणी तारीख ठरवली होती का? तो लागला का, लागला असेल तर कोणत्या दिवशी, आणि तो लागल्याची खातरजमा कोणी केली? हे प्रश्न मी मुद्दाम आपल्याला विचारत आहे, ईडीपी, म्हणजे संगणक, विभागातल्या अधिकाऱ्याला नव्हे. त्याचे कारण पुढे येईलच, परंतु त्याआधी दोष नेमका कशात असतो ते थोडे सविस्तर सांगणे भाग आहे.

शाखेतला कर्मचारी ब्राउझरमध्ये एखादे नाव टाकतो तेव्हा त्याच्या संगणकाला त्या नावाचा आकडी पत्ता ठाऊक नसतो. तो रिझॉल्व्हर नावाच्या सर्व्हरला विचारतो. हा रिझॉल्व्हर मुख्य कार्यालयात असतो किंवा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे असतो. तो पायरीपायरीने वरच्या सर्व्हरांना विचारत मूळ उत्तर मिळवतो, विचारणाऱ्याला देतो आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत स्वतःच्या आठवणीत, म्हणजे कॅशेमध्ये, ठेवतो. त्या मुदतीत दुसऱ्या कोणी तेच नाव विचारले तर तो पुन्हा बाहेर जात नाही, साठवलेले उत्तरच देतो. कामाचा वेग यामुळेच टिकतो आणि धोकाही नेमका इथेच आहे, कारण एक खोटे उत्तर आत साठले की मुदत संपेपर्यंत साऱ्या शाखांना तेच मिळत राहते आणि कोणाच्याही पडद्यावर काही वावगे दिसत नाही.

बाहेरून आलेले उत्तर खरे आहे हे रिझॉल्व्हर ठरवतो कसे? जुन्या रचनेत तो मुख्यतः एवढेच पाहत असे की प्रश्नासोबत पाठवलेला क्रमांक उत्तरावरही आहे. काउंटरवर टोकन दाखवणाऱ्याला, चेहरा न पाहता, रक्कम द्यावी तसाच हा प्रकार होता आणि टोकनेही मोजकीच, ६५,५३६. हा क्रमांक अंदाजाने जुळवता येईल हे जाणकारांना ठाऊक होते. मात्र त्यांचा भरवसा एका गोष्टीवर होता. खरे उत्तर आधी पोहोचले की ते कॅशेमध्ये बसते आणि हल्लेखोराला पुढच्या संधीसाठी कधी कधी दिवसभर थांबावे लागते.

२००८ च्या सुरुवातीला डॅन कॅमिन्स्की या अमेरिकी संशोधकाने हा भरवसा मोडीत काढला. खऱ्या नावासाठी झगडायचेच कशाला, असा त्याचा विचार होता. त्याच डोमेनमधली, म्हणजे त्या संस्थेच्या मुख्य नावाखालची, अस्तित्वात नसलेली नावे रिझॉल्व्हरला एकामागून एक विचारायला लावायची. ती कॅशेमध्ये नसतात, त्यामुळे प्रत्येक वेळी रिझॉल्व्हरला बाहेर जावेच लागते आणि प्रत्येक वेळी हल्लेखोराला नवी संधी मिळते. सोबत पाठवायच्या बनावट उत्तरात म्हणायचे, ‘हे नाव मला माहीत नाही, पण या डोमेनची सगळी माहिती अमुक सर्व्हरकडे आहे, त्याचा पत्ता हा घ्या.’ तो पत्ता अर्थात हल्लेखोराचा. हजारो प्रयत्नांत एकदा क्रमांक जुळला की एक नाव नव्हे, अख्खे डोमेन त्याच्या हाती जाते. थांबण्याची गरज संपली आणि दिवसांचे काम सेकंदांवर आले. दोष एखाद्या कंपनीच्या प्रोग्रॅममधला नसून मुळातल्या रचनेतला असल्यामुळे जवळजवळ प्रत्येकाचे डीएनएस सॉफ्टवेअर त्यात सापडले होते.

पुढे जे घडले ते आपल्या दृष्टीने दोषाइतकेच महत्त्वाचे आहे. कॅमिन्स्कीने ही गोष्ट गाजावाजा न करता पॉल व्हिक्सी यांच्यासारख्या, बाइंडशी दीर्घकाळ संबंध असलेल्या जाणकारांच्या कानावर घातली. ३१ मार्च २००८ रोजी, आपण सारे वर्षअखेरीचा ताळेबंद जुळवत होतात त्या सोमवारी, अमेरिकेत रेडमंड येथील मायक्रोसॉफ्टच्या आवारात सोळा जण जमले आणि एरवी एकमेकांचे स्पर्धक असलेल्या कंपन्यांनी एकाच दिवशी पॅच द्यायचे ठरले. ८ जुलैला ते दिले गेले. उपाय साधा होता. उत्तरावरच्या क्रमांकाबरोबरच प्रश्न ज्या पोर्टवरून, म्हणजे सर्व्हरच्या ज्या क्रमांकित दारातून, गेला ते पोर्टही दर वेळी यादृच्छिक, म्हणजे अंदाज करता न येणारे, निवडायचे. हल्लेखोराला आता दोन्ही आकडे जुळवावे लागणार होते आणि ६५,५३६ शक्यतांच्या जागी सुमारे चारशे कोटी शक्यता उभ्या राहिल्या. खरे तर डॅनियल बर्नस्टाइन यांनी आपल्या डीजेबीडीएनएस या सॉफ्टवेअरमध्ये ही खबरदारी कित्येक वर्षे आधीच घेतली होती, पण त्यांच्या तऱ्हेवाईक स्वभावाची चर्चा जास्त झाली आणि त्यांच्या मुद्द्याची कमी. असे आपल्याकडेही होते, असो.

लोकांना पॅच लावायला वेळ मिळावा म्हणून कॅमिन्स्कीने तपशिलाबाबत महिनाभर मौन पाळण्याची विनंती केली होती. तेरा दिवसांतच, २१ जुलैला, तपशील फुटला. त्यानंतर दोन दिवसांत हल्ल्याचा तयार प्रोग्रॅम मेटास्प्लॉइट या सर्वांना खुल्या असलेल्या संचात दाखल झाला. महिना संपण्याआधी टेक्सासमधील ऑस्टिन येथे एटी अँड टी कंपनीचा एक डीएनएस सर्व्हर विषारी झालेला, म्हणजे त्यात खोटे उत्तर साठलेले, आढळले आणि त्यावर विसंबलेल्या एका कंपनीतल्या कर्मचाऱ्यांना गूगलच्या जागी बनावट पान दिसू लागले. विनोद असा की मेटास्प्लॉइटमधला तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपैकी एक जण त्याच कंपनीत काम करत होता. दोष ठाऊक असलेल्या माणसाचेही संरक्षण त्याच्या वरच्या सर्व्हरला पॅच लागला आहे की नाही यावर अवलंबून राहिले.

या तारखा मी आपल्यासमोर एवढ्यासाठी मांडल्या की पॅच आला म्हणजे धोका टळला, आता सवडीने लावू, ही समजूत बैठकांमध्ये वारंवार ऐकू येते. प्रत्यक्षात उलट घडते. पॅच प्रसिद्ध झाला की जुन्या आणि नव्या प्रतीची तुलना करून भोक कुठे होते हे शोधणे सोपे होते. म्हणजे ज्यांनी पॅच लावला नाही त्यांचा धोका त्या दिवसापासून वाढत जातो. २००८ साली हे अंतर तेरा दिवसांचे होते. आज ते त्याहून मोठे असेल असे मानायला मला काही आधार दिसत नाही.

पाडव्याच्या दिवशी जाहीर झालेल्या दोषांकडे आता पुन्हा पाहावे. त्यांतला एक असा होता की बाइंड जे आकडे यादृच्छिक म्हणून निवडते ते काही परिस्थितीत ओळखता येत होते, पोर्टही आणि क्रमांकही. २००८ मध्ये उभी केलेली चारशे कोटींची भिंत, पॅच न लावलेल्या सर्व्हरपुरती, त्यामुळे कच्ची ठरली. एकदा बुजवलेला दोष सतरा वर्षांनी वेगळ्या वाटेने पुढे येतो, आणि म्हणून पॅच ही एकदा करून संपणारी खरेदी धरून चालत नाही.

यापेक्षा जमिनीवरचे एक उदाहरण देतो. बँकेचे नाव सांगत नाही, कारण अशी बँक एकच नाही. मुख्य कार्यालयात लिनक्सवर चालणारा डीएनएस सर्व्हर होता. ईडीपी अधिकारी मनापासून काम करणारे होते, बाइंडची प्रत ताजी होती आणि लेखापरीक्षणाच्या तक्त्यात ‘अद्ययावत’ या रकान्यापुढे बरोबरची खूण होती. त्यांच्या परवानगीने सर्व्हरमधून प्रश्न बाहेर सोडून ते कोणत्या पोर्टवरून जातात ते पाहिले. सर्व्हरमधून निघताना पोर्ट खरोखर वेडेवाकडे होते, ३१ हजारांतले एक, मग ५८ हजारांतले, मग ९ हजारांतले. पण इमारतीच्या बाहेर पडताना तेच प्रश्न ओळीने चाललेले दिसले, १०२४, १०२५, १०२६. मधल्या जुन्या राउटरने आपल्या सोयीसाठी पोर्ट बदलून त्यांना क्रमाने नवे आकडे दिले होते. पॅच लागलेला होता, प्रमाणपत्र खोटे नव्हते, आणि तरीही संरक्षण जवळजवळ शून्य होते. राउटरांचा हा गुण २००८ च्या जुलैमध्येच उघड झाला होता. पण पॅच लागला का, एवढेच तक्त्यात विचारलेले असेल तर पॅचचा उपयोग होतो आहे का, हे कोणीच तपासत नाही.

ज्या बँकांत डीएनएसचे काम विंडोज सर्व्हर करतो, त्यांनी स्वतःला वेगळे समजू नये. १४ जुलै २०२० रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज डीएनएस सर्व्हरमधल्या ‘सिगरेड’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोषावर पॅच दिला. चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी शोधलेला हा दोष सतरा वर्षे तिथे होता आणि गांभीर्याच्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा गुण होते. बाहेरून आलेल्या एका खास रचलेल्या उत्तरामुळे सर्व्हरचा ताबाच जाऊ शकत होता, आणि हा सर्व्हर बहुधा सगळ्या शाखांचे लॉगिन तपासणाराच असतो. अमेरिकेच्या सीसा या सायबर सुरक्षा यंत्रणेने आपल्या सरकारी कार्यालयांना २४ तासांची मुदत दिली. पॅच लगेच लावणे अशक्य असेल त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने रजिस्ट्रीतल्या एका नोंदीचा तात्पुरता उपायही दिला होता. त्यासाठी सर्व्हर बंद करावा लागत नव्हता, फक्त डीएनएस सेवा पुन्हा सुरू करणे पुरेसे होते. त्या सहा महिने आधी, १४ जानेवारी २०२० रोजी, विंडोज सर्व्हर २००८ चा सर्वसाधारण आधार संपला होता. सर्व्हर २०१२ चा १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. आपल्या मुख्य कार्यालयात यांपैकी काही अजून चालू आहे का, हे उद्या सकाळी एक फोन करून आपल्याला कळू शकते.

आता आपल्यालाच का लिहितो आहे ते सांगतो. पॅच न लागण्याची कारणे मी जिथे जिथे ऐकली तिथे ती जवळपास सारखीच निघाली. कोअर बँकिंगचा व्हेंडर म्हणतो, अपडेट करू नका, आमचे सॉफ्टवेअर बंद पडले तर आम्ही जबाबदार नाही. वार्षिक देखभाल करारात पॅचचा उल्लेखच नसतो. मार्चअखेर असते, सप्टेंबरअखेर असते, व्याज आकारणी असते, तपासणी असते, आणि सर्व्हर तासभर बंद ठेवायला परवानगी कोणी द्यायची हे कुठे लिहिलेले नसते. या सगळ्याच्या तळाशी एक साधा हिशेब आहे. पॅच लावल्यावर सकाळी काउंटर अर्धा तास उघडले नाही तर ईडीपी अधिकाऱ्याला त्याच दिवशी अध्यक्षांच्या खोलीत बोलावले जाते. पॅच वर्षभर लावला नाही आणि नशिबाने काही घडले नाही, तर त्याला कोणी काही विचारत नाही. अशा परिस्थितीत शहाणा माणूस काय करील? तो हात लावत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण हा हिशेब बदलण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. तो फक्त आपल्याकडे आहे.

सायबर सुरक्षेचे धोरण तर आपण मंजूर केलेच आहे, असे आपण म्हणाल, आणि ते खरे आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तो हल्ला डीएनएसचा नव्हता, एटीएमच्या स्विचिंग व्यवस्थेशी संबंधित होता, आणि दोहोंची गल्लत करू नये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सुरक्षा चौकट दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकांच्या डिजिटल व्याप्तीप्रमाणे चार स्तरांची सविस्तर चौकट आली. पॅचचे व्यवस्थापन या अपेक्षांमध्ये आहेच. ‘योग्य वेळेत पॅच लावावेत’ असे वाक्य आपल्या धोरणात नक्की असेल. योग्य वेळ म्हणजे किती दिवस, हे त्यात लिहिले आहे का, एवढे कृपया उघडून पाहावे.

आणखी एक उत्तर हमखास मिळते, की ब्राउझरमधले कुलूप दिसत असताना बनावट संकेतस्थळ फसवू शकत नाही. बहुतेक वेळा ते खरे आहे आणि त्याचा मोठा आधार आहे. परंतु ऑक्टोबर २०१६ मधल्या एका शनिवारी ब्राझीलमधील एका मोठ्या बँकेच्या डोमेन नोंदणीच्या खात्यात हल्लेखोर शिरले आणि त्यांनी बँकेची ३६ डोमेने काही तासांसाठी आपल्या सर्व्हरकडे वळवली. बनावट पानांवर वैध प्रमाणपत्रे होती, म्हणजे कुलूप दिसत होते, कारण नाव ज्याच्या ताब्यात असते त्याला त्या नावाचे प्रमाणपत्र मिळवता येते. ईमेलही त्याच नावावर चालत असल्याने बँकेला आपल्या खातेदारांना ईमेलने सावध करणेही शक्य झाले नाही. इथे सॉफ्टवेअरचा दोष नव्हता आणि पॅचने हे टळले नसते. त्यावरचा इलाज नोंदणी खात्याला दुहेरी पडताळणी लावणे हा आहे. नव्या पत्त्यामुळे भलत्याच कोणाला ‘बँक डॉट इन’चे नाव मिळणार नाही, हा फायदा मोठा आहे, पण आपले नाव विचारणाऱ्याला वाटेत खोटे उत्तर मिळणार नाही, याची हमी पत्ता बदलल्याने मिळत नाही. ती डीएनएसएसईसी या सहीच्या पद्धतीने बऱ्याच अंशी मिळते. जगाच्या मूळ डीएनएसवर जुलै २०१० पासून अशी सही आहे. आपल्या डोमेनवर ती करून घ्यावी आणि आपल्या रिझॉल्व्हरने ती तपासावी, हे मी आग्रहाने सांगेन. मात्र ती तपासणारे सॉफ्टवेअरही सॉफ्टवेअरच असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘कीट्रॅप’ या दोषात, सही तपासण्याच्या कामात गुंतवून एका पाकिटाने रिझॉल्व्हरला ठप्प करता येत होते, बाइंडच्या बाबतीत तब्बल सोळा तासांपर्यंत. त्यालाही पॅचच लावावा लागला.

माझे मागणे मोठ्या खर्चाचे नाही. आपल्या पुढच्या बैठकीत एक ठराव करावा की बँकेची नावे शोधून देणारा प्रत्येक सर्व्हर, तो मुख्य कार्यालयात असो, राखीव केंद्रात असो वा व्हेंडरकडे, एका नोंदवहीत लिहिला जाईल. त्यापुढे सॉफ्टवेअरची प्रत, शेवटच्या पॅचची तारीख आणि जबाबदार व्यक्तीचे पद असेल. आणि ही नोंदवही दर तिमाहीला मंडळासमोर येईल. गंभीर दोषाचा पॅच प्रसिद्ध झाल्यापासून ७२ तासांत लागावा, आणि लागला नाही तर कारण मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी आपल्या सहीने लिहावे. मुदत किती असावी यावर वाद होऊ शकतो, पण आकडा असावा यावर होऊ नये. नेहमीच्या पॅचसाठी महिन्याचा चौथा शनिवार राखून ठेवता येईल. बँकांना सुट्टी असते, आणि मायक्रोसॉफ्टचे मासिक पॅच दुसऱ्या मंगळवारी येत असल्याने त्यानंतर अकरा किंवा अठरा दिवसांनी हा शनिवार येतो. देखभाल करारात व्हेंडरने आपले सॉफ्टवेअर नव्या पॅचसोबत चालते की नाही हे ठरलेल्या दिवसांत लेखी कळवण्याची अट घालावी, आणि ‘अपडेट करू नका’ हा सल्ला तोंडी स्वीकारू नये. पॅच लागल्यावर पोर्टची चाचणी इमारतीच्या बाहेरून करावी, आतून नव्हे. ठरलेल्या शनिवारी पॅच लावताना काही बंद पडले तर ईडीपी अधिकाऱ्याला जाब विचारला जाणार नाही, हेही त्याच ठरावात स्पष्ट लिहावे. माझ्या मते उरलेल्या सगळ्या तरतुदींपेक्षा या एका ओळीचा उपयोग अधिक होईल.

दोन-चार शाखांच्या बँकेला चाचणीसाठी वेगळा सर्व्हर ठेवणे परवडत नाही, हे मला मान्य आहे. पण त्याच कोअर बँकिंग सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या बँका अनेक आहेत. राज्यातील फेडरेशनने किंवा एनयूसीएफडीसी या आपल्या शिखर संस्थेने प्रत्येक प्रचलित सॉफ्टवेअरसाठी एक सामाईक चाचणी व्यवस्था उभी केली आणि अमुक पॅच लावून पाहिला, काही अडले नाही, एवढे दोन ओळींत सर्वांना कळवले, तरी पुष्कळ बँकांची अडचण सुटेल.

मी ज्या बँकेचा सभासद आहे तिच्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी एक प्रश्न रीतसर लेखी देणार आहे : अहवाल वर्षात बँकेच्या डीएनएस सर्व्हरना कोणकोणत्या तारखांना पॅच लावण्यात आले आणि त्यांतले किती ठरलेल्या मुदतीत होते? इतर बँकांच्या सभासदांनीही तो आपापल्या सभेत विचारावा. उत्तरात तारखा असाव्यात, ‘आवश्यक ती दक्षता घेण्यात येत आहे’ असे वाक्य नसावे, एवढी विनंती आहे.

कळावे,

आपला,
एका नागरी सहकारी बँकेचा सभासद आणि व्यवसायाने नेटवर्क अभियंता